वर्षानुवर्षे उभी राहिलेली जुनी पिकअप पुन्हा रस्त्यावर आणताना

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा जुन्नर तालुक्यातील एका वस्तीवर चिंचेखाली उभी राहिलेली २००९ सालची बोलेरो पिकअप मी पाच वर्षांनी विकत घेतली. मधल्या काळात मालक वारले होते, मुलगा पुण्यात नोकरीला लागला होता आणि हौद्यातल्या कांद्याच्या गोण्या कुजून त्यांची माती झाली होती. सौदा ठरवायला गेलो त्या दिवशी शेजारचे दोघेतिघे चार्ज केलेली बॅटरी आणि बाटलीभर डिझेल घेऊन हजर होते, आणि ‘एकदा सेल्फ मारून बघू’ असा सगळ्यांचाच आग्रह होता. तो आग्रह मी मान्य केला नाही आणि पुढच्या तीन महिन्यांत जे काम करावे लागले ते पाहता तो निर्णय योग्यच होता असे वाटते.

अशा गाडीचे इंजिन पुष्कळदा पहिल्या तासाभरात सुरू होते, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. इंजिन चालू झाले की घेणाऱ्याला वाटते की गाडी झाली. मग तो ती चालवत घरी नेतो, उरलेले पैसे रंगावर आणि सीटवर घालतो आणि गंजलेले ब्रेक तसेच राहतात. म्हणून या लेखातील कामांचा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवला आहे. आधी कागद आणि चासी, मग गाडी थांबवणारे भाग, त्यानंतर तिला सरळ धरून ठेवणारे भाग आणि या सर्वांनंतर इंजिन. येथे साध्या यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन गृहीत धरले आहे. कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल सोडणाऱ्या, इंजिनाच्या इंधन यंत्रणेचे काम स्कॅनर असलेल्या जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे. बाकीचा क्रम तोच राहतो.

कागद

गाडीजवळ जाण्यापूर्वी आरसी पुस्तक किंवा स्मार्ट कार्ड मागून घ्यावे आणि परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन अ‍ॅपवर तो क्रमांक घालून पाहावा. तेथे विमा, पीयूसी, फिटनेस यांच्या मुदती दिसतात, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का ते कळते आणि थकलेली ई-चलने वेगळी तपासता येतात. कर्ज फिटलेले असूनही बोजा तसाच नोंदलेला असणे ही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. तो उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि कर्ज देणाऱ्या संस्थेचा ना हरकत दाखला लागतो, आणि तो दाखला मिळवणे विकणाऱ्याचे काम आहे हे सौद्याच्या वेळीच स्पष्ट करावे. नेहमीच्या हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. मालक वारलेले असतील तर गाडी आधी फॉर्म ३१ द्वारे वारसाच्या नावावर व्हावी लागते आणि मगच तुमच्या नावावर होऊ शकते. माझ्या बाबतीत या एका टप्प्याला दुरुस्तीइतकाच वेळ लागला. गाडी दुसऱ्या राज्यातील असल्यास फॉर्म २८ चा ना हरकत दाखला हवा. तो नसेल तर सौदा सोडून द्यावा.

पिकअप बहुधा मालवाहू म्हणून नोंदलेली असते, त्यामुळे तिला मोटारीसारखी सलग १५ वर्षांची मोकळीक नसते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी फिटनेसचे प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, घ्यावे लागते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे फिटनेस नसलेले वाहन वैध नोंदणी असलेले मानले जात नाही. वर्षानुवर्षे पासिंग न झालेल्या गाडीवर विलंब शुल्काचा प्रश्न येतो. केंद्रीय नियमांत दिवसाला ५० रुपयांची तरतूद आहे, आणि पाच वर्षांचा हिशेब केला तर ती रक्कम गाडीच्या किमतीला गाठू शकते. त्याशिवाय १५ वर्षांपुढील वाहनांचे तपासणी शुल्क १ एप्रिल २०२२ पासून वाढवलेले आहे. म्हणून पैसे देण्यापूर्वी आपल्या आरटीओ कार्यालयात तो क्रमांक सांगून एकूण देणे किती निघते हे विचारून घ्यावे. गाडी दिल्ली परिसरात पाठवण्याचा विचार असेल तर तो सोडावा, कारण तेथे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आहेत.

शेवटी चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहावेत. घासकागदाने माती आणि गंज हलक्या हाताने काढून त्यावर कागद ठेवावा आणि पेन्सिलीने ठसा घ्यावा. आकडा खोडलेला, पुन्हा ठोकलेला किंवा कागदाशी न जुळणारा असेल तर गाडी कितीही स्वस्त असली तरी ती घेऊ नये.

चासी

पत्र्याचा गंज आणि चासीचा गंज यांत फरक करायला शिकावे. दरवाजाच्या खालच्या कडा, मडगार्ड, केबिनची जमीन हे भाग कापून नवा पत्रा जोडता येतो. हौदा तर बहुतेक तालुक्याच्या गावांत नवा बांधून मिळतो. चासी मात्र सर्व वजन उचलते, आणि तिच्यावर ठिगळ लावलेली गाडी दीड टन माल भरून घाटात उतरवणे हे माणसाच्या जिवाशी खेळणे आहे. गाडीखाली झोपून, छोटा हातोडा घेऊन चासीच्या दोन्ही लांब पट्ट्या पुढून मागे ठोकत जावे. निरोगी लोखंड खणखणीत वाजते. कुजलेले लोखंड बद्द आवाज करते आणि त्यावरून पापुद्रे गळतात. पाट्यांचे, म्हणजे लीफ स्प्रिंगचे, हँगर जिथे रिव्हेट केलेले असतात त्या जागा, हौद्याच्या आडव्या पट्ट्यांखालची जागा आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसतो तो भाग यांवर जास्त वेळ घालवावा. ज्या गाडीने शेणखत, मीठ किंवा मासळी वाहिली आहे तिच्या हौद्याखाली पाणी साठून चासी वरून कुजते, आणि खालून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. कोकण किनाऱ्यावर उभी राहिलेली गाडी असेल तर ही तपासणी दोनदा करावी. स्क्रूड्रायव्हर जोराने टोचल्यावर तो आरपार गेला, तर तेथेच थांबावे.

जागेवरून हलवणे

बॉनेट उघडण्यापूर्वी काठीने ठोकावे आणि आत टॉर्च मारून पाहावे. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांची घरटी, आरशामागे गांधीलमाशा आणि सीटखाली किंवा बॅटरीच्या जागी साप हे उभ्या गाडीत नेहमी सापडतात. सीटखाली हात घालायचाच असेल तर आधी सीट काढून बाहेर ठेवावी.

गाडी ओढून न्यायची असेल तर ती रिकव्हरी व्हॅनवर चढवूनच न्यावी. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणे सोयीचे वाटते, पण ज्या गाडीचे ब्रेक पाच वर्षे तपासलेले नाहीत ती दोराने ओढली तर उतारावर तीच ट्रॅक्टरवर जाऊन आदळते. गाडी गिअरमध्ये टाकून ओढत सुरू करण्याचा प्रयत्न तर कधीही करू नये. एखादा पिस्टन गंजाने सिलिंडरला धरला असेल तर रिंगा तुटतात आणि हजारांत भागणारे काम लाखाकडे जाते. चाके फिरत नसतील तर बहुधा ब्रेक शू ड्रमला गंजून चिकटलेले असतात किंवा ओढून ठेवलेल्या हँडब्रेकची केबल जाम झालेली असते. हँडब्रेक सोडून, चाक उचलून, ड्रमच्या बाहेरच्या बाजूने हातोड्याचे हलके घाव घालत चाक मागेपुढे हलवले की ते बहुतेक वेळा सुटते.

काम करण्याच्या जागी जमीन टणक आणि सपाट हवी. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. उचललेल्या गाडीखाली जाण्यापूर्वी चासीखाली किंवा अ‍ॅक्सलखाली लोखंडी घोड्या लावाव्यात आणि जमिनीवरच्या चाकांना अडसर लावावेत. विटा किंवा दगड यांवर तोललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. वीट इशारा न देता फुटते.

ब्रेक

माझ्या मते या संपूर्ण कामात काटकसर न करण्याची ही एकच जागा आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. गाडी चालत असो वा उभी, दोनतीन वर्षांत त्यात इतके पाणी मिसळते की आतून सिलिंडर गंजू लागतात, आणि गरम झाल्यावर त्या पाण्याची वाफ होऊन पेडल एकाएकी खाली जाते. उभ्या गाडीत त्यापुढची गोष्ट घडते : व्हील सिलिंडरमधील, म्हणजे प्रत्येक चाकाजवळ ब्रेक ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरमधील, रबरी कप एकाच जागी बसून कडक होतात आणि त्यांच्या पुढच्या भागात गंजाची कडा तयार होते. पेडल पहिल्यांदा जोरात दाबले की कप त्या कडेवरून घासून फाटतो. त्यामुळे ‘ब्रेक लागतोय’ असे पहिल्या दिवशी दिसणे यावर विश्वास ठेवू नये.

चारही चाके काढावीत आणि ड्रम उतरवावेत. ड्रममधील धूळ हवेच्या पाइपने कधीही उडवू नये. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ब्रेक शूवरील घासणाऱ्या पट्टीमध्ये, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. पाणी शिंपडून, ओल्या कापडाने पुसून घ्यावी. त्यानंतर व्हील सिलिंडरची रबरी टोपी उचलून पाहावी. आत ओल दिसली तर तो सिलिंडर गेलेला आहे. नुसते किट बदलण्याऐवजी मी चारही नवीन बसवले, कारण खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नवे रबर चारदोन महिन्यांत पुन्हा गळते. पुढे डिस्क असेल तर कॅलिपरचा पिस्टन आणि त्याच्या सरकण्याच्या पिना जाम आहेत का ते पाहावे. ड्रमच्या आतील कडेला नखाला लागेल अशी पायरी पडली असेल तर ड्रम लेथवर घासून घ्यावा, मात्र ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासापलीकडे नाही. लायनर नेहमी अ‍ॅक्सलच्या दोन्ही बाजूंना एकत्र बदलावेत. एकाच बाजूला बदलले की गाडी ब्रेकखाली एकीकडे ओढते.

मास्टर सिलिंडर, पुढची दोन्ही आणि मागच्या अ‍ॅक्सलवरची रबरी होज नवीन घ्यावीत. जुनी होज बाहेरून ठीक दिसते पण आतून सुजून ऑइल पुढे जाऊ देते आणि मागे येऊ देत नाही, त्यामुळे ब्रेक धरून राहतो आणि ड्रम तापतो. लोखंडी नळ्या ज्या ठिकाणी चासीला क्लिपने बांधलेल्या असतात त्या क्लिपखाली हमखास गंजतात. क्लिप उघडून पाहिल्याशिवाय तो गंज दिसत नाही.

ब्रेकची हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्यामुळे ते मागचे डावे चाक असते. नंतर मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. पुष्कळ पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलजवळ लोडप्रमाणे दाब बदलणारा व्हॉल्व्ह असतो, आणि अ‍ॅक्सल हवेत लोंबकळत असेल तर तो गाडी रिकामी समजून मागचा दाब कमी करतो. म्हणून घोड्या चासीखाली न लावता अ‍ॅक्सलखाली लावून, म्हणजे पाट्यांवर वजन ठेवून, मागची हवा काढावी. या व्हॉल्व्हची कांडी जाम असते हेही लक्षात ठेवावे. ती तेल घालून मोकळी केली नाही तर भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक अपुरे पडतात.

आणखी एक भाग सहज विसरला जातो. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे ब्रेक बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, आणि बोलेरोसारख्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीमागेच बसवलेला असतो. त्याला इंजिन ऑइल पुरवणारी छोटी नळी चोंदली की पंप झिजतो, पेडल दगडासारखे कडक होते आणि मिस्त्री मात्र लायनर बदलत बसतो. इंजिन पुढे सुरू होईल तेव्हा याची परीक्षा सोपी आहे : बंद इंजिनावर पेडल पाचसहा वेळा दाबून धरून ठेवावे आणि इंजिन सुरू करावे, पेडल पायाखाली थोडे आपोआप खाली गेले तर व्हॅक्यूम मिळत आहे.

टायर, पाटे आणि स्टिअरिंग

टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१८’ म्हणजे २०१८ सालातील तेविसावा आठवडा. नियमाप्रमाणे नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, पण उभ्या गाडीच्या बाबतीत नक्षीपेक्षा वय महत्त्वाचे असते. उन्हात उभे राहिलेले टायर बाजूंनी चिरतात, एका जागी चपटे होतात आणि वजनाखाली, उन्हाळ्यातल्या डांबरावर फुटतात. माझ्या टायरांवर भरपूर नक्षी होती तरी पाचही बदलले, आणि सर्व दुरुस्तीत तोच सर्वांत मोठा खर्च ठरला. नवे टायर घेताना आरसीवरील एकूण वजन डोळ्यांसमोर ठेवून भार-क्षमतेचा आकडा पाहावा. मोटारीचे टायर मापाने बसले तरी मालवाहू गाडीला लावू नयेत.

ड्रम उघडलेलेच असतात, तेव्हा त्याच वेळी हब बेअरिंग धुऊन, निळसर किंवा खड्डे पडलेले बेअरिंग बदलून, नवे ग्रीस भरावे. टाय रॉड एंड, पुढचे बॉल जॉइंट किंवा किंगपिन, पाट्यांचे बुश आणि शॅकल पिना यांतील खेळ पहारीने हलवून तपासावा. पाट्यांतील एखादे पान तुटले आहे का ते मध्यभागी, यू-बोल्टजवळ पाहावे, कारण पान तेथेच तुटते. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस फिरवताना कडकड लागत असेल तर ते बदलावेत. गिअरबॉक्सचे आणि क्राउनचे (मागच्या डिफरन्शियलचे) ऑइल उतरवावे. ते दुधाळ निघाले तर आत पाणी गेलेले आहे.

इंधन

जुने डिझेल पुन्हा वापरता येईल का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. वापरू नये. अर्धी टाकी रिकामी असली की दर पावसाळ्यात आतील हवेतला ओलावा पत्र्यावर जमून तळाशी जातो, आणि डिझेल व पाणी यांच्या सीमेवर जिवाणू व बुरशी वाढून काळसर, शेवाळासारखा थर तयार होतो. हा थर फिल्टर चोंदतो आणि पाणी पंपापर्यंत पोहोचले तर पंपाचे आतील भाग गंजतात. पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोजल डिझेलच्याच वंगणावर चालतात, हे विसरू नये. टाकी खाली उतरवून, आतील जाळी काढून, स्वच्छ डिझेलने दोनतीनदा खळबळून धुवावी. टाकीला भोक असेल तर ती वेल्डिंगला देण्यापूर्वी पूर्ण वाफ काढून घेणे आवश्यक आहे. रिकाम्या दिसणाऱ्या टाक्यांचे स्फोट होऊन माणसे गेलेली आहेत. रबरी नळ्या सर्व नव्या, डिझेल फिल्टर नवा, आणि पाणी वेगळे करणारा सेपरेटर असेल तर तो उघडून धुतलेला. नोजल तसेही काढायचे आहेत, म्हणून ते टेस्टिंगला देऊन फवारा तपासून घ्यावा.

पहिल्यांदा सुरू करणे

आता इंजिन. प्रथम जुने ऑइल पूर्ण उतरवून पाहावे. ते कॉफीसारखे दुधट असेल तर पाणी मिसळले आहे आणि हेड गास्केटपासून तपास करावा लागेल. ऑइल चांगले असेल तर नवे ऑइल आणि नवा फिल्टर घालावा. इंजिनात टायमिंग बेल्ट असेल तर सुरू करण्यापूर्वीच बदलावा. गिअर किंवा चेन असेल तर त्याची गरज नाही.

नोजल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे, साधारण १० मिलिलिटर, पातळ तेल सोडावे आणि एक दिवस तसेच ठेवावे. जास्त ओतू नये. दुसऱ्या दिवशी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टला लांब पाना लावावा आणि इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने हाताने फिरवावे. ते न हलल्यास जोर न वाढवता पुन्हा तेल सोडून दोनतीन दिवस थांबावे आणि थोडे मागेपुढे डोलवून पाहावे. पूर्ण दोन फेऱ्या हाताने अडथळ्याशिवाय झाल्या की टॅपेट कव्हर उघडावे आणि कोणी तरी इंजिन फिरवत असताना प्रत्येक व्हॉल्व्ह खाली जाऊन परत वर येतो का हे पाहावे. अडकलेला व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतो, आणि ही पाच मिनिटांची तपासणी न केल्यामुळे हेड उतरवावे लागते.

यानंतर नोजल बाहेरच ठेवून, भोकांवर कापड टाकून, पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद करणाऱ्या विजेच्या झडपेची) वायर काढून सेल्फ मारावा. दाब नसल्याने इंजिन हलके फिरते आणि ऑइल पंप वरपर्यंत ऑइल पोहोचवतो. ऑइलचा दिवा विझेपर्यंत, दहा सेकंद सेल्फ आणि एक मिनिट विश्रांती, असे करत राहावे. टर्बो असेल तर हा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे, कारण कोरडा फिरलेला टर्बो काही सेकंदांत बिघडतो. मग नवे तांब्याचे वॉशर लावून नोजल बसवावेत. फिल्टरवरील हातपंपाने, हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे न येता डिझेल येईपर्यंत पंप मारावा. शेवटी नोजलच्या नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारावा, डिझेल झिरपू लागले की घट्ट कराव्यात. या वेळी बोटे त्या जागी नेऊ नयेत. पंपाच्या दाबाचे डिझेल त्वचा भेदून आत शिरते आणि ती जखम शस्त्रक्रियेची असते.

सुरू करण्याआधी इंजिन बंद करण्याची तयारी हवी. उभ्या राहिलेल्या पंपाचा रॅक, म्हणजे डिझेलचे प्रमाण ठरवणारी दांडी, अडकला असेल तर इंजिन एकाएकी बेफाम फिरू लागते आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी हवेचा मार्ग बंद करणे हाच उपाय असतो, म्हणून एअर फिल्टरची नळी काढून, त्या तोंडावर बसेल अशी जाड फळी हातात घेऊन एक माणूस उभा ठेवावा. तळहाताने किंवा कापडाने ते तोंड बंद करण्याचा प्रयत्न करू नये. लवकर पेट घ्यावा म्हणून पेट्रोल किंवा ईथरचा फवारा मारण्याची सवयही टाळावी. विशेषतः हीटर प्लग असलेल्या इंजिनात त्याने स्फोट होऊन पिस्टन फुटतो.

इंजिन सुरू झाल्यावर ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर लगेच बंद करावे. सुरुवातीचा पांढरा धूर सिलिंडरमधल्या तेलाचा असतो आणि दहा मिनिटांत कमी होतो. गरम झाल्यावरही पांढरा आणि गोडसर वासाचा धूर राहिला तर कूलंट जळत आहे, निळा राहिला तर रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेले आहेत, काळा राहिला तर नोजल, पंप किंवा एअर फिल्टर पाहावा. ऑइल भरण्याची टोपी काढून पाहावे. तेथून इंजिनाच्या ठोक्याबरोबर जोराने वाफ फेकली जात असेल तर रिंगा झिजलेल्या आहेत, पण असा निर्णय दोनशे किलोमीटर चालवल्यानंतरच घ्यावा, कारण गंजाने चिकटलेल्या रिंगा चालवल्यावर बऱ्याचदा मोकळ्या होतात.

पाणी, क्लच, वायरिंग

रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी घातलेल्या गाड्यांत आत खडूसारखा थर असतो. रेडिएटर उतरवून धुऊन घ्यावा, सर्व होज आणि फॅन बेल्ट नवे घ्यावेत आणि कूलंट शुद्ध पाण्यात निम्मे मिसळावे. आपल्याकडे गाडी तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आहे. ती चुकीची आहे. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन पुरेसे गरम होत नाही, डिझेल जास्त खाते आणि सिलिंडर लवकर झिजतात.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटलेली असते. ती सोडवण्याच्या अनेक युक्त्या सांगितल्या जातात. गिअरबॉक्स उतरवून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकत्र बदलणे मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण चिकटून सुटलेल्या प्लेटचे लायनिंग नंतर निखळते.

वायरिंगमध्ये उंदरांनी खाल्लेला प्रत्येक तुकडा त्याच जाडीच्या वायरने आणि सोल्डर करून जोडावा. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी पुढे आग लावते. बॅटरीपासून चासीला आणि इंजिनापासून चासीला जाणारे अर्थिंगचे पट्टे घासून चकचकीत करावेत, कारण दिवे मंद असण्याची आणि सेल्फ हळू फिरण्याची निम्मी कारणे तेथे असतात. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळायला हवेत.

पासिंग आणि पहिले भाडे

पहिली चाचणी आवारातच घ्यावी : चालण्याच्या वेगात ब्रेक, मग उतारावर हँडब्रेक, मग पाण्याने ओल्या केलेल्या जमिनीवर जोराचा ब्रेक मारून चारही चाकांच्या खुणा पाहाव्यात. सार्वजनिक रस्त्यावर नेण्यापूर्वी किमान थर्ड पार्टी विमा घ्यावा. विम्याविना झालेल्या अपघाताची भरपाई आयुष्यभर फिटत नाही. फिटनेसची वेळ ऑनलाइन घेऊन, शक्यतो रिकव्हरी व्हॅनवरच गाडी तपासणीला न्यावी. पीयूसीमध्ये बीएस ३ आणि त्याआधीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजण्याचे एकक) आहे, आणि अशा गाडीची पीयूसी सहा महिनेच चालते. तपासणीत दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, स्पीडोमीटर, वेग नियंत्रक, पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी, तसेच उच्च सुरक्षा नंबर प्लेट पाहिली जाते. हौदा नवा बांधला असेल तर त्याची लांबी-उंची आरसीशी जुळायला हवी. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, म्हणून आरसीवरील तो आकडा पाहून ठेवावा.

पास झालेल्या गाडीवर लगेच पूर्ण माल लादू नये. मी पहिल्या पाच फेऱ्या निम्म्याहून कमी मालाच्या, नारायणगावच्या बाजारापर्यंतच्या केल्या, आणि प्रत्येक फेरीनंतर चारही ड्रम हात जवळ नेऊन तपासले; एक ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापत होता आणि त्याच्या हँडब्रेकची केबल अजून अडकत असल्याचे त्यावरून कळले. ५० किलोमीटरनंतर चाकांच्या नट आणि यू-बोल्ट पुन्हा आवळले. ५०० किलोमीटरला इंजिन ऑइल आणि डिझेल फिल्टर पुन्हा बदलला, आणि फिल्टरमध्ये पुन्हा काळा गाळ सापडल्यामुळे टाकी आणखी एकदा उतरवून धुतली. हजार किलोमीटरला मागचे दोन्ही ड्रम उघडून नव्या सिलिंडरच्या टोप्या उचलून पाहिल्या. त्या कोरड्या होत्या, आणि त्यानंतरच पूर्ण क्षमतेचा माल भरून गाडी माळशेज घाटातून कल्याणकडे पाठवली.